मोटार आपली, परिपथ सगळ्यांचा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शाळेत विज्ञान शिकवत. शिक्षकाच्या नावाने भरलेल्या सभेत एक धडा तरी शिकवून व्हायला हवा. मी निवडला आहे तो विद्युतप्रवाहाचा आणि परिपथाचा. नववीच्या पुस्तकात तो ‘धाराविद्युत’ या नावाने येतो, परीक्षेपुरता पाठ होतो आणि निकाल लागला की विसरला जातो. पण त्याची परीक्षा आपल्याकडे दर रब्बीला पुन्हा होते, आणि ती डीपीवर, म्हणजे शेतातल्या रोहित्रावर होते.

आपले शहागड गोदावरीच्या काठचे. पुलापलीकडे गेवराई तालुका, म्हणजे बीड जिल्हा. वरच्या अंगाला पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय. या पट्ट्यात ऊस आहे, मोसंबी आहे, आणि दोन्हींची तहान भागते ती तीन फेजच्या मोटारीवर. त्यामुळे विजेबद्दल इथे फिरून फिरून तीनच प्रश्न विचारले जातात. मोटार का जळते? डीपी का जळते? व्होल्टेज का मिळत नाही? उत्तरादाखल बहुतेक वेळा कुणाचे तरी नाव घेतले जाते: वायरमनचे, सरकारचे, नाहीतर शेजाऱ्याचे. यातले कुणीच कधी चुकत नाही असे मी म्हणणार नाही. पण आधी पदार्थविज्ञानाचे म्हणणे ऐकून घेऊ. ते थोडक्यात असे आहे की एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी मिळून एकच परिपथ होतो, आणि त्यात एकाने केलेले बाकीच्यांना भोगावे लागते. आज मला एवढेच पटवून द्यायचे आहे.

सुरुवात तारेपासून करू. ॲल्युमिनियम किंवा तांब्याच्या तारेत मोकळे इलेक्ट्रॉन आधीपासूनच ठासून भरलेले असतात. ते एका दिशेने सरकू लागले की विद्युतप्रवाह सुरू झाला. एका सेकंदाला साधारण ६२,४०० कोटी कोटी म्हणजे ६ वर १८ शून्ये इतके इलेक्ट्रॉन तारेच्या एका छेदातून गेले, तर तो १ अँपिअर. आकडा प्रचंड वाटतो, पण इलेक्ट्रॉनांचा सरकण्याचा वेग ऐकाल तर हसाल. पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीला लागणारा ८ अँपिअर प्रवाह १० चौरस मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम तारेतून एकाच दिशेने वाहता ठेवला, तर इलेक्ट्रॉन तासाला जेमतेम १० सेंटिमीटर पुढे जातात. आपली वीज तर प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने करणारी. तिच्यात इलेक्ट्रॉन मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी जागेत मागे-पुढे होत राहतात. परळीच्या औष्णिक केंद्रातला एकही इलेक्ट्रॉन कधी शहागडला आलेला नाही आणि येणारही नाही. तुमच्या मोटारीत हलतात ते तुमच्याच तारेतले इलेक्ट्रॉन. परळीहून येते ती ऊर्जा, आणि ती पोचते कारण परळीपासून मोटारीपर्यंतची साखळी कुठेही तुटलेली नसते.

शाळेत विद्युतप्रवाह समजावताना पाण्याची उपमा देतात. आपल्याकडे ती जायकवाडीच्या डाव्या कालव्याची देता येईल. धरणातली पातळी म्हणजे व्होल्ट, कालव्यातला विसर्ग म्हणजे अँपिअर, कालव्याची अडचण आणि गाळ म्हणजे रोध. इथपर्यंत ठीक. पण पुढे ही उपमा दगा देते. कालव्याचे पाणी शेतात जिरते, ते परत पैठणला जात नाही. विजेचे तसे नाही. जितका प्रवाह जातो तितकाच परत येतो, तसूभरही कमी नाही, आणि परतीची वाट बंद झाली की जाणेही त्याच क्षणी बंद. शेवटच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही ते वरच्यांनी उचलले म्हणून. शेवटच्या मोटारीला व्होल्ट मिळत नाहीत ते मात्र वेगळ्या कारणाने, आणि ते कारण शोधून काढले एका शाळामास्तराने.

त्यांचे नाव गेऑर्ग ओम. जर्मनीतल्या कोलोन शहरात ते शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवत. व्होल्टाने १८०० साली बॅटरी तयार केली होती खरी, पण तिचा दाब घडीघडीला उतरायचा, त्यामुळे मोजमाप जुळेना. ओम यांनी तांबे आणि बिस्मथ या दोन धातूंचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवले. त्यातून मिळणारा दाब अगदी थोडा, पण स्थिर. मग एकामागून एक वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून चुंबकसुई किती वळते ते त्यांनी टिपले. १८२६ साली नियम हाती आला आणि १८२७ साली पुस्तक निघाले. मायदेशात त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली कोपली पदक दिले तेव्हा लोकांचे डोळे उघडले. नियम साधा आहे: व्होल्ट बरोबर अँपिअर गुणिले रोध. तार लांब असली की रोध वाढतो, जाड असली की घटतो.

आता हा नियम बांधावर आणू. डीपीपासून तुमची मोटार ३०० मीटरवर आहे. स्वस्त पडते म्हणून तुम्ही ४ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम केबल ओढली. तिच्या एका तारेचा रोध २.१ ओहम भरतो. मोटार चालू असताना ८ अँपिअर धरले तर एका तारेत १७ व्होल्ट खर्ची पडतात, आणि दोन फेजांमध्ये मोजले तर ४१५ मधले २९ व्होल्ट वाटेतच जातात. तीन तारा मिळून ४०० वॅटची उष्णता केबलमध्ये तयार होते. तिच्याने पाण्याचा थेंब उपसला जात नाही. हीच केबल १० चौरस मिलिमीटरची घेतली असती तर घट २९ ऐवजी १२ व्होल्टवर आली असती.

खरी गंमत मोटार चालू होताना होते. थांबलेली मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. म्हणजे ८ चे ४५ अँपिअर. बारीक केबलमध्ये हिशेबाने तेव्हा दीडशेहून अधिक व्होल्ट पडायला हवेत. प्रत्यक्षात व्होल्ट उतरले की प्रवाहही थोडा आवरतो, म्हणून घट इतकी होत नाही. तरी मोटार नुसती घूं घूं करत बसेल इतकी नक्की होते. मग आपण म्हणतो, लाईनला दम नाही. दम डीपीवर असतो, तो केबलमध्ये निघून गेलेला असतो.

मोटार जळण्याचे कारणही इथेच सापडते. अनेकांना वाटते की व्होल्ट कमी मिळाले तर मोटार हळू चालेल, जळेल कशी? मोटारीवरचे काम तेच असते: तेवढेच पाणी, तेवढ्याच उंचीवर. दाब कमी मिळाला की ते काम उरकायला ती प्रवाह जास्त ओढते. ४१५ व्होल्टवर ८ अँपिअर घेणारी मोटार ३०० व्होल्टवर ११ च्या आसपास जाते. आता मँचेस्टरच्या जेम्स जूल यांच्याकडे जाऊ. त्यांच्या घरचा धंदा दारूच्या भट्टीचा. १८४१ च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले की तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. ८ चे ११ झाले म्हणजे उष्णता जवळपास दुप्पट. वाइंडिंगवरचे वार्निश तेवढे सोसत नाही. ते आधी काळे पडते, मग सुटते, मग दोन वेढे एकमेकांना चिकटतात. रिवाइंडिंगवाल्याने मोटार उघडली की येणारा जळका वास म्हणजे जूलच्या नियमाचा वास. हाच नियम जालन्याच्या एमआयडीसीत रोजगार देतो. तिथल्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार लोखंडातच प्रवाह निर्माण करून ते वितळवतात आणि त्याच्या सळया होतात. उष्णता तीच, तिथे हवीशी, विहिरीत नकोशी.

आता एक प्रश्न. घरातल्या बल्बला फेज आणि न्यूट्रल अशा दोन तारा लागतात, कारण एकीने जायचे आणि दुसरीने यायचे. मग मोटारीला तीनच फेज जातात, न्यूट्रल जात नाही, तरी ती चालते कशी? परतीची तार कुठे गेली?

याचे उत्तर गुस्ताव किरखॉफ यांच्या नियमात आहे. हा नियम त्यांनी १८४५ साली, विद्यार्थीदशेत, वयाच्या एकविसाव्या वर्षी मांडला: परिपथातल्या कोणत्याही जोडाशी जितका प्रवाह येतो तितकाच बाहेर जातो. तीन फेजचे प्रवाह एकाच वेळी शिखरावर नसतात. ते ओळीने, ठरावीक अंतर ठेवून शिखर गाठतात. एका तारेतला प्रवाह मोटारीकडे पूर्ण भराने जात असतो, त्या क्षणी उरलेल्या दोन तारांतून निम्मा-निम्मा परत येत असतो. पुढच्या क्षणी पाळी बदलते. प्रत्येक तार आळीपाळीने दुसऱ्या दोघींची परतीची वाट होते. तिघींची बेरीज कोणत्याही क्षणी शून्य.

मग एक फेज गेला तर? चालू मोटार बंद पडत नाही, आणि धोका तिथेच आहे. राहिलेल्या दोन तारांवर सगळा भार येतो, त्यांच्यातला प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो आणि उष्णता तिप्पट. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर या क्षणासाठीच बसवलेले असतात. पण रिले सारखा ट्रिप होतो म्हणून आपल्याकडे तो तार टाकून बायपास करतात. रिले ट्रिप होतो तेव्हा तो बिघडलेला नसतो, तो आपले काम करत असतो.

गावठाणात न्यूट्रलचे काम आणखी स्पष्ट दिसते. तिथे एकेका फेजवर वेगवेगळी घरे असतात आणि सगळ्यांचा न्यूट्रल एक. त्यांच्यातली तफावत न्यूट्रल वाहून नेतो. तो डीपीपाशी सैल झाला किंवा तुटला की एका आळीतले दिवे मंद होतात आणि दुसऱ्या आळीत टीव्ही, फ्रिज, चार्जर उडतात. ज्या फेजवर लोड कमी, तिथे दाब २३० वरून ३०० च्याही पुढे जाऊ शकतो. त्या घराने काहीही चूक केलेली नसते. परिपथ सामायिक होता, एवढेच.

इथून डीपीकडे वळू. १०० केव्हीए रोहित्राची दुय्यम बाजू एका फेजला साधारण १३३ अँपिअर देऊ शकते. पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीला ८ धरले तर १६ मोटारी झाल्या. प्रत्यक्षात किती असतात, ते तुम्ही मला सांगाल. कागदावर पाच आणि विहिरीत साडेसात हॉर्सपॉवर, हेही आपल्याला नवे नाही. समजा २५ मोटारी चालतात. प्रवाह २०० अँपिअर, म्हणजे क्षमतेच्या दीडपट. रोहित्राच्या वाइंडिंगमधली उष्णता सव्वादोन पट. त्यातच तेल कमी असेल तर ती उष्णता बाहेर टाकणारेही कुणी नाही.

त्यावर ऑटोस्विच, म्हणजे पुरवठा येताच मोटार आपोआप चालू करणारी कळ. तीन फेजचा पुरवठा पाळीने येतो, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीत कुणाला स्टार्टरपाशी जावेसे वाटेल? म्हणून ऑटो बसवले जातात. शेतकऱ्याची अडचण खरी आहे. पण पुरवठा आल्याक्षणी १६ मोटारी एकदम उठतात आणि प्रत्येकी ४५ अँपिअर मागतात. ७२० अँपिअरची मागणी, देणारा १३३ चा. व्होल्ट कोसळतात, म्हणून मोटारींना वेग घ्यायला जास्त वेळ लागतो, म्हणून जादा प्रवाह जास्त वेळ टिकतो. अशा वेळी फ्यूज जायला हवा, त्याचा जन्म त्यासाठीच आहे. पण डीपीच्या पेटीत पाहा, फ्यूजच्या बारीक तारेच्या जागी ॲल्युमिनियमचे दोन-तीन जाड पदर पिळून बांधलेले सापडतील. परिपथात सर्वांत कमजोर दुवा कोणता असावा हे आपण ठरवू शकतो, दुवाच नसावा हे ठरवू शकत नाही. फ्यूज जाऊ दिला नाही तर रोहित्र जाते. मग दुसरे चढेपर्यंत ज्याने पदर पिळले त्याचाही ऊस सुकतो आणि ज्याने डीपीला कधी हात लावला नाही त्याचाही.

यावर उपाय आहे. ऑटोमध्ये टायमर असेल तर प्रत्येकाने वेगळा वेळ लावायचा: पहिल्याने एक मिनिट, दुसऱ्याने दोन, तिसऱ्याने तीन. सोळा जणांनी आपसांत क्रम ठरवला तर पाव तासात सगळ्या मोटारी चालू होतात आणि एकाही क्षणी दोन मोटारी एकदम उठत नाहीत. टायमर नसेल तर ऑटो काढलेला बरा.

दुसरा उपाय आहे कॅपेसिटर, आणि तो सर्वांत दुर्लक्षित आहे. मोटारीला दोन प्रकारचा प्रवाह लागतो. एक काम करणारा, पाणी उपसणारा. दुसरा तिच्यातले चुंबकत्व उभे करणारा. तो सेकंदाला अनेकदा मोटारीत जातो आणि तसाच परत डीपीकडे येतो. काम काही करत नाही, पण तार अडवतो आणि तिला तापवतो. मोटारीपाशी कॅपेसिटर बसवला की ही ये-जा मोटार आणि कॅपेसिटर यांच्यातच होते, डीपीपर्यंत जातच नाही. पाच हॉर्सपॉवरला साधारण २ केव्हीएआरचा कॅपेसिटर पुरतो. पॉवर फॅक्टर ०.८ वरून ०.९५ वर जातो, प्रवाह ८ वरून पावणेसातच्या आसपास येतो, आणि लाईनमधला तोटा तीस टक्क्यांच्या जवळपास घटतो. १६ जणांनी बसवला तर डीपीवरचे २० अँपिअर मोकळे होतात. म्हणजे नवे रोहित्र न आणता दोन-अडीच मोटारींपुरती जागा झाली, आणि शेवटच्या मोटारीचे व्होल्ट वाढले. मात्र एकट्याने बसवून हा लाभ दिसत नाही, म्हणून जळालेला कॅपेसिटर कुणी बदलत नाही. सगळ्यांनी मिळून करायच्या कामाचे नेहमीच असे होते.

आता जिवाचा विषय. तारेवर पक्षी बिनधास्त बसतो, कारण त्याच्या दोन्ही पायांना एकच तार लागलेली असते. त्याच्यातून पुढे जाऊन परतायला प्रवाहाला वाट नाही. आपण ओल्या जमिनीवर उभे असतो आणि जमीन ही परतीची वाट आहे, कारण डीपीचा न्यूट्रल अर्थिंग करून जमिनीला जोडलेला असतो. ओल्या अंगाचा रोध १००० ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० व्होल्टला त्याने भागा: २३० मिलिअँपिअर. दहाच्या पुढे हात सुटेनासा होतो, पन्नासच्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. घरात जो ईएलसीबी बसवतात तो ओम आणि किरखॉफ यांचाच विद्यार्थी आहे. गेलेला प्रवाह आणि आलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो समजतो, कुठेतरी प्रवाह भलत्या वाटेने परततो आहे, कदाचित माणसातून. आणि क्षणार्धात पुरवठा तोडतो.

पावसाळ्यात तार तुटून पडते आणि माणूस वाचतो पण बैल जागीच मरतो, असे का होते? तारेतला प्रवाह जमिनीत शिरून सर्व दिशांना पसरतो आणि तारेपासून दूर जावे तसा जमिनीतला दाब उतरत जातो. पुढच्या आणि मागच्या पायांखाली मग वेगवेगळे व्होल्ट असतात. बैलाच्या पायांतले अंतर आपल्या पावलाहून जास्त, आणि त्याच्यात प्रवाहाची वाट थेट छातीतून जाते. म्हणून तुटलेल्या तारेपाशी कुणीही धावत जाऊ नये. आधीच जवळ असाल तर पाय जुळवून, छोट्या उड्या मारत लांब व्हावे, आणि पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कुणाला तिकडे फिरकू देऊ नये. एका फेजवर आकडा टाकून न्यूट्रलच्या जागी जमिनीत सळई ठोकणारे आहेत. ते जमिनीलाच तार करतात. त्या सळईजवळून जाणाऱ्या शेळीला किंवा लेकराला याचा पत्ता नसतो. डीपीचे अर्थिंग उन्हाळ्यात कोरडे पडले की हा धोका आणखी वाढतो; म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा आणि वर पाणी लागते.

हा सामायिक परिपथ आपल्याकडे किती उशिरा पोचला, तेही ध्यानात ठेवू या. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज देऊ लागले तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले, आणि त्यानंतर खेडोपाडी खांब उभे राहिले. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, धरणाचे उद्घाटन १९७६ साली इंदिरा गांधींनी केले. धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे. ते पूर्ण ताकदीने चालले तरी पाच हॉर्सपॉवरच्या अडीच हजार मोटारींना पुरेल. राज्यात कृषिपंपाच्या जोडण्या चाळीस लाखांहून अधिक आहेत. म्हणून परळी, कोराडी, चंद्रपूर, कोयना हे सगळे एका जाळ्यात जोडून घ्यावे लागतात.

२०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजना आली आहे. सौरपंपाचा परिपथ पॅनेलपासून मोटारीपर्यंत, एकट्याचा. दिवसा पाणी मिळते, शेजाऱ्याच्या ऑटोची झळ लागत नाही. ज्याला परवडेल आणि ज्याचे पाणी फार खोल नाही त्याने तो जरूर घ्यावा. पण केबलची जाडी, अर्थिंग आणि ओमचा नियम तिथेही सुटत नाही. आणि ज्यांची मोटार अजून डीपीवर आहे, त्यांना सोळा-वीस जणांचे हे कुटुंब चालवावेच लागेल. पाणीवापर संस्था असतात, दूध संस्था असतात. मग डीपीवरच्या शेतकऱ्यांनी वर्षातून एकदा, रब्बीच्या तोंडावर, एका पारावर बसायला काय हरकत आहे?

त्या बैठकीत वही काढा आणि लिहा: मोटारी किती, खऱ्या हॉर्सपॉवरची बेरीज किती, कॅपेसिटर किती जणांचे चालू आहेत, ऑटोचा क्रम काय, फ्यूजला कोणती तार आहे, अर्थिंगला पाणी कोण घालणार. ओव्हरलोड निघाला तर हीच वही घेऊन वाढीव रोहित्राची मागणी करा. बेरीज मांडलेल्या अर्जाला उत्तर देणे भाग पडते. पेटीला हात मात्र वायरमननेच लावायचा, तोही पुरवठा बंद करून.

माझे बोलणे इथे थांबवतो. आता प्रश्नोत्तरे. पहिला प्रश्न मी तुम्हालाच विचारतो: तुमच्या डीपीची क्षमता किती केव्हीए आहे आणि तिच्यावर किती मोटारी आहेत, हे इथे बसलेल्यांपैकी किती जण छातीठोकपणे सांगू शकतील? हात वर करा.